भज्यांच्या पुडीतला अर्ज

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेआधीचा आठवडा होता. होम मैदानावर पाळणे उभे राहत होते आणि आमच्या ऑफिसात विडी कामगारांच्या मुलांच्या फीचे अर्ज घेणं चालू होतं. अकराच्या सुमाराला एक बाई आली. रांगेत न थांबता सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि पदराखालून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पुडीच्या घड्या पडलेला, तेलानं जागोजागी आरपार झालेला. कांदाभज्यांचा वास येत होता.

कागदावर एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, शाळेचा गणवेश. फोटोशेजारी निळ्या शाईत लिहिलं होतं: ‘पेशंटला टीबी. ६ महिने औषध. आईचं विडी कार्ड जोडलं आहे.’ अक्षर माझं होतं.

“माझा बारका काल भजी घेऊन आला मॅडम,” ती म्हणाली. “पुडी सोडली तर ह्यात त्याची अक्का.”

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“रविवारी पाव्हणे येलालेत बघायला. तेव्हा तुम्ही विचारलात म्हणून मी सांगितलं. माझ्या सासूलाबी सांगितलं नव्हतं मी. गल्लीत कुणाला म्हणजे कुणाला नाही.”

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू बोलत होती, कारण मागे रांगेत तिच्याच गल्लीतल्या दोघी उभ्या होत्या.

आमची संस्था लहान आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावर जाणारी माणसं यांच्या वस्तीत काम करते. शाळेची फी, दवाखान्याचा खर्च, एखाद्या घरात धान्य. मी इथं नऊ वर्षं आहे. २०२१ साली ही मुलगी आमच्याकडे आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. टीबीची औषधं सरकारकडून फुकट मिळतात, निक्षय पोषण योजनेतून तेव्हा महिन्याला ५०० रुपयेही मिळायचे. पण हजार विड्या वळून घर चालवणाऱ्या आईला वरच्या खाण्याचा खर्च झेपत नव्हता, म्हणून आम्ही सहा महिने अंडी, शेंगदाणे आणि डाळ दिली. औषधाचा एकही दिवस न चुकवता मुलगी ठणठणीत बरी झाली. आमच्या कामातली मनाला समाधान देणारी गोष्ट म्हणून मी ती कितीदा तरी आठवली असेन.

डिसेंबरच्या शेवटी ऑफिसात नवीन कपाट आलं. जागा करायला म्हणून २०२२ पर्यंतचे गठ्ठे बाहेर काढले. आयकराच्या नियमाप्रमाणे ट्रस्टला हिशेबाची कागदपत्रं १० वर्षं ठेवावी लागतात, तेवढी मी नीट बाजूला केली. व्हाउचर, बिलं, पावत्या, बँकेचे उतारे. राहिलेले अर्ज रद्दीत दिले. ४३ किलो भरले. रद्दीचे पैसे किरकोळ खात्यात जमा करून त्याचीही पावती केली. पैशाचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. माणसाच्या कागदाबद्दल तसं काही मुरलेलं नव्हतं.

मी ऑफिसातल्या मुलाला रांग सांभाळायला सांगितलं आणि बाईबरोबर निघाले.

भजीवाला गाडीवर पीठ कालवत होता. पुड्यांचे कागद त्यानं गाडीच्या दांडीला तारेत ओवून ठेवले होते. मी ओळख सांगितली, कारण सांगितलं नाही. त्यानं बाईच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि अख्खी तार काढून हातात दिली. त्यात आमची अकरा पानं निघाली. एका पानावर रेशनकार्डाची झेरॉक्स, एकावर बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, खाते क्रमांक स्वच्छ वाचता येईल असा. एकावर एका विधवा बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं दोन ओळींचं निवेदन, नवरा कसा गेला त्याचं. ते मी तिथं उभ्या उभ्या वाचलं आणि मग वाटलं, आपणही का वाचलं?

भजीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. उलट आमच्यासाठी कुठले तरी कोरे कागद शोधायला लागला.

रद्दीच्या दुकानात आमचे गठ्ठे अजून होते. दोरीची माझीच गाठ. दुकानदार म्हणाला, वरचे दोन सुटे गठ्ठे फुटकळ गेले, भजीवाले, फरसाणवाले, एक भाजीवाली. मी काट्यावर पुन्हा वजन करायला लावलं. साडेसदतीस किलो. म्हणजे साडेपाच किलो कागद शहरात गेला होता. ए-फोर आकाराचं नेहमीचं झेरॉक्सचं पान पाच ग्रॅमच्या आत-बाहेर भरतं. एका किलोत दोनशेच्या वर पानं. दुकानाच्या पायरीवर बसून मी तो गुणाकार केला. अकराशेच्या आसपास पानं. बाई माझ्याकडे बघत होती. तिला आकडा सांगितला नाही, “बरेच आहेत अक्का” एवढंच म्हणाले. आता वाटतं, सांगायला हवा होता. तो तिचाच हिशेब होता.

रिक्षात गठ्ठे घालून परत आलो तेव्हा तीन वाजले होते. मी आमच्या एका विश्वस्तांना फोन केला. ते वकिली करतात, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि बऱ्याचशा तरतुदी लागू व्हायला त्यापुढे १८ महिने आहेत. शिवाय तो डिजिटल माहितीला लागू होतो. नुसत्या कागदाला नाही.

“पण सर, हे अर्ज आपण स्कॅन केलेत,” मी म्हणाले.

फोनवर थोडा वेळ काहीच आलं नाही. कागदावर घेतलेली माहिती पुढे संगणकात भरली तर ती कायद्यात येते, हे त्यांनीच मग सांगितलं. आणि म्हणाले, “कायद्याचं नंतर बघू. ज्यांचे कागद गेलेत त्यांना आधी कळू दे.” या एका वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. ‘गवगवा नको’ म्हणणारा माणूसही त्या खुर्चीत असू शकला असता.

पुढचे दोन दिवस आम्ही तिघांनी परत आलेला प्रत्येक अर्ज नोंदवहीशी ताडून पाहिला. ज्या नावापुढे कागद सापडला नाही ती नावं वेगळी केली. ८४ कुटुंबं निघाली. मग घरोघर जायला लागलो. दत्त नगर, नीलम नगर, अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्या. फोनवर सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, कारण फोन घरात कोण उचलेल सांगता येत नाही.

काय सांगायचं हेही ठरवून गेलो होतो. तुमचे अमुक कागद आमच्या चुकीनं बाहेर गेलेत. बँकेच्या नावानं फोन आला आणि ओटीपी मागितला तर देऊ नका. खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आधारमधले बोटांचे ठसे मोबाईलवरून लॉक करता येतात, ज्यांना हवं त्यांचे आम्ही तिथल्या तिथं करून देत होतो. एक यंत्रमाग कामगार आजोबा म्हणाले, “आधार काय, गावभर वाटलंय पोरी, सिमवाल्याकडंबी हाय.” त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांच्या शेजारच्या घरातली बाई मात्र दार लावून रडली. तिच्या अर्जात नवरा दारू पिऊन मारतो असं लिहिलेलं होतं, मीच लिहून घेतलेलं. फीच्या मदतीसाठी आम्हाला ते माहीत असायची काडीची गरज नव्हती.

तिथून बाहेर पडल्यावर मी पायरीवर बसून कोरा अर्ज पुन्हा वाचला. ‘कुटुंबाची सविस्तर माहिती’ म्हणून अर्धं पान मोकळं सोडलेलं. आम्ही विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. मदत मागायला आलेल्या बाईला ‘हे सांगायचं नाही’ असं म्हणता येत नाही. तिला वाटतं, नाही सांगितलं तर मदत मिळणार नाही. म्हणून खाली सही असली तरी त्या सहीला संमती म्हणताना आता माझी जीभ अडखळते.

आणि त्या सह्या. भज्यांच्या पुडीतल्या त्या अर्जावर आईची सही तेलुगूत आहे. वरचा मजकूर पूर्ण मराठीत. ‘वरील माहिती मला वाचून दाखवली असून मान्य आहे.’ तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. नव्या कायद्यात माहिती कशासाठी घेताय याची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत बघायची सोय माणसाला द्यायची आहे. त्या २२ भाषांत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही आहेत. सोलापुरात एका गल्लीत चारही ऐकू येतात. आम्हाला त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नव्हती.

आता अर्ज एका पानाचा केलाय. आजाराचा रकाना काढलाय, ज्याला औषधपाण्याची मदत हवी त्यानं केसपेपर दाखवायचा, आम्ही बघून परत द्यायचा, वहीत फक्त क्रमांक. आधारची झेरॉक्स लागलीच तर शेवटचे चार आकडे दिसतील अशी. मजकूर चार भाषांत आहे आणि वाचता न येणाऱ्याला त्याच्या भाषेत मोठ्यानं सांगायचं, तेही रांगेसमोर नाही, आतल्या खोलीत. कागद कापायचं मशीन घेतलं. देणगीदारांना पाठवायचे फोटो बंद केले. त्यावरून दोघे नाराज आहेत. पिशवी हातात घेतलेल्या पोराचा चेहरा दिसल्याशिवाय त्यांना मदत पोचल्यासारखं वाटत नाही. मी त्यांना पावती आणि हिशेब पाठवते, आणि त्यापुढे जाणार नाही.

रविवार होऊन गेल्यावर, मंगळवारी, ती मुलगी स्वतः आली. फोटोतल्यापेक्षा उंच, केस मोकळे. पाव्हण्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. तिला तो कागद हवा होता. मी कपाटातून काढून दिला. तेलानं फोटोचा डिंक सुटला होता. तिनं नखानं अलगद फोटो उचलला, पर्समध्ये ठेवला आणि कागद स्वतःच्या हातानं मशीनमध्ये घातला.

“कॉम्प्युटरमध्ये?” तिनं विचारलं.

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिचा स्कॅन काढून टाकला. रिसायकल बिन रिकामी करायला तिनंच सांगितलं.

“आणखी कुठं आहे?”

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता, विश्वस्तांनीही नाही. मला आठवायला वेळ लागला. २०२१ साली एका देणगीदाराला आम्ही पेशंटची यादी मेलवर पाठवली होती, अर्ज जोडून. मी तो मेल शोधला, तिला दाखवला, आणि तिच्यासमोरच त्यांना लिहिलं की ही यादी काढून टाका आणि काढल्याचं कळवा.

“उत्तर आलं की मला फोन करा,” ती म्हणाली. टेबलावरच्या चिठ्ठीवर तिनं नंबर लिहिला. “आईच्या नंबरवर नको. आणि फोन झाला की ही चिठ्ठी फाडा.”

उत्तर गुरुवारी आलं. मी फोन केला, वाचून दाखवलं, तिनं एकदा पुन्हा वाचायला लावलं. मग मी चिठ्ठी फाडली. तिला फोनवर ऐकू जाईल अशी.