दहा स्टेप्सवरून चारवर आले तेव्हा कुठे चेहरा शांत झाला

माझी स्किन ऑयली आहे हे मी कॉलेजपासून धरूनच चालले होते. दुपार झाली की नाक आणि कपाळ इतकं चमकायचं की ग्रुप फोटोत आधी माझं कपाळच दिसायचं. मग काय, दिवसातून चार वेळा फेसवॉश, तोही भरपूर फेसाचा, आणि धुतल्यावर गाल ओढल्यासारखे झाले की मी खूश, वा, आता स्वच्छ झालं. ऑयली स्किनवाल्यांनी मॉइश्चरायझर लावायचंच नसतं हे माझं ठाम मत.

मग के-ब्युटीचं, म्हणजे कोरियन स्किनकेअरचं, खूळ डोक्यात शिरलं. ती प्रसिद्ध दहा स्टेप्सवाली रुटीन आहे ना, ती मी एका रात्रीत सुरू केली. ऑइल क्लेन्झर, फोम, एक्सफोलिएटर (मृत त्वचा काढणारा), टोनर, इसेन्स (पाण्यासारखं पातळ सीरम), अँप्युल (त्याहून तीव्र सीरम), शीट मास्क, आय क्रीम, क्रीम आणि सकाळी सनस्क्रीन. झोपायच्या आधी पाऊण तास आरशासमोर. पहिले चार दिवस मस्त गेले, पाचव्या दिवशी टोनर लावला तर गाल चरचरले, पण मला वाटलं चरचरतंय म्हणजे काम करतंय (हा माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा). दहाव्या दिवशी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने बारीक बारीक पुळ्या. आई म्हणाली, "अगं काय करून घेतलंयस तोंडाचं, आधी बरी होतीस की!"

आता यातलं नक्की कशाने झालं हे कळणार कसं, दहाच्या दहा गोष्टी एकदम सुरू केलेल्या. शेवटी सगळं बंद. दोन आठवडे फक्त सौम्य क्लेन्झर, वास नसलेलं साधं क्रीम आणि सनस्क्रीन. चरचर आधी थांबली, पुळ्या मात्र हळूहळू गेल्या.

त्यानंतर जे आधी करायला हवं होतं ते केलं. रात्री चेहरा धुतला, टिपला आणि काहीही न लावता अर्धा तास बसले, मग टिश्यूचे तुकडे दाबून बघितले. कपाळ आणि नाकावरच्या तुकड्यावर तेलाचा डाग, गालावरचा कोरडा ठणठणीत, आणि तरी अख्खा चेहरा आतून ओढल्यासारखा. कोरियन लोकांकडे याला चक्क एक शब्द आहे, सुबुजी. सुबुन म्हणजे ओलावा, बुजोक म्हणजे कमतरता आणि जीसाँग म्हणजे तेलकट त्वचा, या तिघांचं पहिलं पहिलं अक्षर. वर तेल, आत कोरडं. वाचलं आणि म्हटलं, अरे ही तर मीच!

आपल्या त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचं माप) साधारण ५ च्या आसपास असतो आणि साबणाचा ९-१०, त्यामुळे सारखं साबणासारख्या फेसाने घासलं की वरचा संरक्षक थर बिघडतो आणि ओलावा उडून जातो. म्हणजे मी तेल काढायच्या नादात पाणी घालवत होते. आता सकाळी नुसतं पाणी, रात्री लो पीएच जेल.

ऑइल क्लेन्झर फक्त मेकअप किंवा चिवट सनस्क्रीन असेल तेव्हाच. तो मी आधी ओल्या हाताने लावायचे आणि वैतागायचे की नुसता चिकटपणा राहतो. हात कोरडा, चेहरा कोरडा, मिनिटभर हलकं चोळायचं, मग ओली बोटं फिरवायची की ते तेल दुधासारखं पांढरं होतं आणि तेव्हाच धुवायचं. ही दुधाची पायरी गाळली की तेल तसंच बसतं.

मग टोनर, कापसावर नाही, तळहातावर घेऊन थोपटत दोन थर, आणि चेहरा ओलसर असतानाच वर जेल क्रीम. अल्कोहोलवाले जुने टोनर वेगळे, हे ओलावा द्यायला असतात. तिसऱ्या आठवड्यात ५ टक्के नियासिनमाइड (बी३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) आणलं, पण आधी तीन रात्री कानामागे लावून बघितलं. नवीन काहीही असो, दोन आठवड्यांत एकच, हा नियम मी आता मोडत नाही.

गंमत म्हणजे माझं बघून घरात सगळ्यांनाच चेव आला. आईची स्किन कोरडी, तिला माझं जेल अजिबात चाललं नाही, तिला क्रीमसारखा क्लेन्झर, सिरामाइडवालं (ओलावा धरून ठेवणारा त्वचेतलाच स्निग्ध घटक) जाड क्रीम आणि फार ओढलं तर रात्री गालांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. दादा खरा तेलकट, नाकावर ब्लॅकहेड्स, त्याला २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आठवड्यातून दोनदाच, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रात उतरतं. त्याने उत्साहात रोज लावलं आणि नाकाची सालं काढून घेतली, मी हसले नाही असं नाही. मैत्रिणीची स्किन जरा काही लावलं की लाल होते, ती सुगंध नसलेल्या तीनच गोष्टींवर आहे, त्यातलं क्रीम सेंटेलाचं, म्हणजे आपली मंडूकपर्णी.

सनस्क्रीन मात्र चौघांनाही. एसपीएफ ५० आणि पीएपुढे (यूव्हीए किरणांपासून किती बचाव ते सांगणारी खूण) चार अधिकची चिन्हं असं बघून घेतलं, पण मी लावायचे वाटाण्याएवढं. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, उन्हात असलं तर दर दोन तासांनी परत. पहिल्यांदा तेवढं काढलं तेव्हा वाटलं हे जिरणारच नाही, पण दोन भाग करून लावलं की जिरतं.

शीट मास्क आता फक्त लग्नाबिग्नाच्या आदल्या दिवशी. आणि ते अँप्युल, जे मी मोठ्या हौसेने घेतलं होतं, ते आई टाचांना लावते. टाचा मस्त झाल्यात म्हणे.