आमची वाटचाल: कपॅसिटर पॅनेलपासून फ्लिकरपर्यंत

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना कपॅसिटर पॅनेल बसवून देणं, एवढ्यावर आमची फर्म उभी राहिली. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते त्याचं प्रमाण, सुधारला की वीजबिल उतरायचं, त्यामुळे एकाचं बघून दुसरा बोलवायचा.

फ्लिकरशी, म्हणजे व्होल्टेज हलल्याने दिवे लुकलुकण्याशी, गाठ पडली ती एका स्टील फाउंड्रीत. तिथली आर्क फर्नेस, म्हणजे इलेक्ट्रोडच्या ठिणगीने (आर्कने) स्क्रॅप वितळवणारी भट्टी, सुरू झाली की आसपासच्या वर्कशॉपमधले आणि घरांतले दिवे लुकलुकायचे. मालकांचा पॉवर फॅक्टर उत्तम होता, तरी तक्रारी थांबेनात. "आणखी एक पॅनेल टाकून द्या," असा त्यांचा आग्रह. आम्ही नकार दिला आणि आधी मोजमाप करू द्या म्हणालो. धंद्याने वळण घेतलं ते तिथून.

थंड स्क्रॅप वितळू लागतं तेव्हा इलेक्ट्रोडखाली तुकडे ढासळतात. क्षणात शॉर्ट, क्षणात आर्क तुटलेला. करंट असा उसळत राहिला की लाईनचं व्होल्टेजही त्याच्याबरोबर हलतं. सेकंदाला साधारण ९ वेळा होणारी चलबिचल डोळ्याला सगळ्यात जास्त खुपते. जुन्या पिवळ्या बल्बवर त्या वेगाने व्होल्टेज पाव टक्का हललं तरी जाणवतं. बिलातला पॉवर फॅक्टर ही महिन्याची सरासरी, तिच्यात हे दिसणार कुठून? कॉन्टॅक्टरवरचं, म्हणजे यांत्रिक स्विचने कपॅसिटर जोडणारं, पॅनेल काही सेकंदांनी हलतं; एवढ्या वेगाला ते पुरत नाही. शिवाय हार्मोनिक (मूळ ५० हर्ट्झच्या पटीतले नको असलेले करंट) असलेल्या लाईनवर नुसते कपॅसिटर वाढवले तर रेझोनन्स होऊन, म्हणजे ते करंट आणखी वाढून, कपॅसिटरच फुगतात.

म्हणून आम्ही फ्लिकरमीटर घेतला. आमच्या आकाराच्या फर्मला तो खर्च जड होता, पण त्याशिवाय बोलण्याला अर्थ नव्हता. दर १० मिनिटांचा एक आकडा मिळतो, त्याला पीएसटी म्हणतात. तो १ च्या वर गेला की बहुतेकांना त्रास होऊ लागतो. हे मोजमाप भट्टीच्या पॅनेलवर करून भागत नाही. इतर ग्राहक जिथे त्याच लाईनला जोडले जातात, तिथेच करावं लागतं.

त्या फाउंड्रीत पहिला फरक पडला तो चार्जिंगमुळे. वरच्या थरात हलकं स्क्रॅप ठेवलं की इलेक्ट्रोड लवकर आत शिरतात आणि गोंधळाचा काळ आखडतो. मेल्टर मामांनी हे आमच्याआधी ओळखलेलं होतं, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मग आम्ही सिरीज रिॲक्टर, म्हणजे भट्टीच्या लाईनमध्ये जोडायची कॉइल, दिला. त्याने शॉर्टच्या वेळचा करंट आवरतो आणि आर्क स्थिर राहतो, मात्र ट्रान्सफॉर्मरचा टॅप वर घ्यावा, म्हणजे भट्टीला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, नाहीतर हीट (एक घाणा वितळवण्याचा वेळ) लांबते.

मोठ्या भट्टीला एवढं पुरत नाही. तिथे एसव्हीसी किंवा स्टॅटकॉम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने झटपट भरपाई करून व्होल्टेज सावरणारं यंत्र, लागतं. एसव्हीसीतला स्विच, थायरिस्टर, अर्ध्या सायकलला, म्हणजे १० मिलिसेकंदांत, एकदाच निर्णय घेऊ शकतो; आयजीबीटी या जास्त वेगवान स्विचवरचा स्टॅटकॉम त्याहून चपळ, त्यामुळे फ्लिकरला तोच भारी पडतो. ही यंत्रं आम्ही बनवत नाही. मोजमाप, क्षमता ठरवणं, फिल्टर आणि रिॲक्टर हे आमचं काम.

आता जालन्याहूनही बोलावणी येतात. तिथे इंडक्शन फर्नेस (आर्कशिवाय, कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राने वितळवणाऱ्या भट्ट्या) जास्त, त्यामुळे दुखणं बहुतेक हार्मोनिकचं. त्यावर फ्लिकरचं औषध विकायला आम्ही जात नाही. आधी मीटर लावतो, हलक्या आणि भरगच्च अशा दोन्ही पाळ्या नोंदवतो आणि मगच कोटेशन देतो.