तिखटदाणी : पाचव्या आवृत्तीपर्यंतची नोंद

मार्चमध्ये भाऊ आसामहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने भूत जोलोकिया मिरचीची पाव किलो भुकटी आणली. आमचं घर नंदुरबारचं. गावाबाहेरच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली असते त्या दिवसांत वारा फिरला की घरात बसल्या बसल्या ठसका लागतो, त्यामुळे तिखटाची भीती कुणालाच नव्हती. पण ही भुकटी वेगळी. 2007 साली गिनीजने हिची नोंद जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून केली होती, तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापात 10 लाखांच्या वर. शेवभाजीच्या अख्ख्या पातेल्याला चिमूटभर खूप होते.

आम्ही ती साध्या भोकांच्या झाकणाच्या बाटलीत भरली. आठव्या दिवशी रश्शाच्या वाफेने भोकं बुजली, वहिनीने बाटली तळहातावर आपटली आणि झाकण निसटलं. चार वर्षांचा पुतण्या ओट्याशेजारी उभा होता. वहिनीने त्याला नळाखाली धरून पंधरा मिनिटं डोळ्यांवर पाण्याची धार सोडली, मग दवाखान्यात नेलं. दृष्टीला काही झालं नाही, पण ते रडणं अजून माझ्या कानात आहे. आई मला अहिराणीत एवढंच म्हणाली, "भाऊ, हाई बाटली फेकी दे." मी बाटली फेकली आणि रात्री थ्रीडी प्रिंटर सुरू केला : तिखट न उडवता मोजून टाकणारी दाणी बनवायला.

पहिले दोन प्रयत्न थोडक्यात सांगतो. पहिल्यात बाटली तीच, फक्त घट्ट आट्यांचं झाकण आणि तीन बारीक भोकं. ती वाफेने आणखी लवकर बुजली. भोक बुजलं की माणूस बाटली हलवतो, आपटतो, आणि खकाणा उडतो तो तेव्हाच. तिथून पुढे एक नियम पक्का केला : या वस्तूत हलवायची गरजच पडता कामा नये.

दुसऱ्यात मळसूत्री दांडा घातला, फिरवला की भुकटी पुढे सरकेल असा. पण त्याच्या आट्यांमध्ये भुकटी दाबली जाऊन लाडू होत होता, आणि थांबल्यावरही टोकाशी थोडी भुकटी लोंबत राहायची. ती नंतर कुठे पडेल याचा नेम नाही. शिवाय हा नमुना पीएलए या छपाईच्या प्लास्टिकचा होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या, दिवसभर चूल आणि शेगडी दोन्ही पेटलेल्या. पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेला नमुना संध्याकाळी वाकलेला सापडला. पीएलए साठेक अंशांना मऊ पडतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली, शेगडीजवळ, साठ अंश काही लांब नसतात. त्यानंतरचं सगळं पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकमध्ये छापलं.

तिसरी कल्पना शेतातून आली. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात पेटीखाली खाचांचे रोलर असतात. रोलर फिरतो तसं प्रत्येक खाचेत मावेल तेवढंच बी खाली जातं. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या हातात जो अंदाज असायचा, तो त्या खाचेत आहे. मी 20 मिलिमीटर व्यासाचा रोलर घेतला आणि त्यात एकच अर्धगोल खाच ठेवली : त्रिज्या 4 मिलिमीटर, लांबी 12. म्हणजे साधारण 0.3 मिलिलिटर. रोलर घट्ट कवचात बसतो. खाच वर असताना भरते, अर्धा फेरा फिरून खाली आली की रिकामी होते. बाटलीचं पोट आणि बाहेरची हवा एकाच वेळी कधीच जोडली जात नाहीत. दाबायच्या बाटलीतून जो भपकारा येतो, तो इथे येतच नाही.

चाचणी हळदीने केली. रंग दिसतो आणि डोळे जळत नाहीत. रात्री स्वयंपाकघरातले दिवे घालवून टॉर्च आडवा धरला की हवेत तरंगणारा प्रत्येक कण झोतात चमकतो. भोकांच्या झाकणाने झोतभर पिवळं धुकं उठलं. रोलरने फक्त खाली पडणारी एक रेघ दिसली, पण ती कढईपर्यंत पोचेस्तोवर पसरत होती. म्हणून तोंडाला 15 सेंटिमीटरची नळी लावली. आता भुकटी कढईच्या अगदी जवळ सुटते आणि हात वाफेपासून लांब राहतो.

हळदीवर सगळं जमलं आणि तिखटावर अडलं. मिरचीच्या बियांत तेल असतं, त्यामुळे तिखट मुठीत दाबलं तर तसंच राहतं. बाटलीच्या निमुळत्या भागात त्याची कमान धरायची : वर भुकटी, खाली पोकळी, खाच रिकामीच फिरतेय. निमुळत्या भागाचा उतार 55 अंशांवरून 70 वर नेला, तरी अधूनमधून अडायचंच. शेवटी रोलरच्या दांड्याला स्टीलच्या तारेचा छोटा आकडा जोडला. मूठ फिरली की तो आतून खरवडतो आणि कमान मोडते. छपाईच्या थरांच्या आडव्या रेषाही भुकटी धरून ठेवतात, म्हणून तो भाग आडवा पाडून छापला. आता रेषा उताराच्या दिशेने जातात.

पावसाळ्यात नवं दुखणं निघालं. खाच खाली तोंड करून थांबली की वाफ नळीतून वर चढते आणि खाचेत चिखल होतो. वर तोंड करून थांबली तर भुकटी तिच्यात दाबून बसते. आता ती आडवी थांबते, दोन्ही बाजूंनी कवचाच्या भिंतीने बंद. त्यासाठी मुठीत स्प्रिंग आणि छोटी गोळी बसवली आहे. "टक" असा आवाज आला की समजायचं, बंद झालं. ज्यांना दुसरं काही करायचं नसेल त्यांनी निदान एवढं करावं.

पोळ्याच्या आठवड्यात एका सराफ मित्राच्या दुकानातला 0.01 ग्रॅमचा काटा तासभर मिळाला. भूत जोलोकियाचे वीस फेरे वेगवेगळे तोलले. सर्वांत कमी 0.10 ग्रॅम, सर्वांत जास्त 0.16, सरासरी 0.13. आमच्या पातेल्याला दोन फेरे पुरतात.

धुण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मी स्वतः तिथे चुकलो. मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. मी दुसरा नमुना नुसत्या पाण्याने धुतला आणि तासाभराने डोळा चोळला. शरीरातलं उष्णता ओळखणारं टीआरपीव्ही1 हे ग्राही प्रथिन मिरचीतल्या या कॅप्सायसिनने उघडतं, म्हणून मेंदूला खरोखर भाजल्यासारखं वाटतं. याच शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. आता मी आधी तेलाच्या बोळ्याने पुसतो, मग भांड्याच्या साबणाने धुतो, आणि हे सगळं हातमोजे घालून. छापलेल्या भागाच्या फटींत मात्र काहीतरी राहतंच. शिवाय प्रिंटरच्या काही पितळी नोझलमध्ये शिसं असतं. म्हणून पाचव्या आवृत्तीत तिखटाला लागणारे भाग बदलले : रोलर धुळ्याच्या एमआयडीसीतल्या लेथवर 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलचा करून घेतला, कवच टेफलॉनचं, बाटली काचेची. छापलेलं आता फक्त बाहेरचं अंग आणि मूठ.

सगळ्यात धोक्याचा क्षण मला फार उशिरा दिसला. तो म्हणजे भरण्याचा. वरून झाकण उघडून पिशवीतून भुकटी ओतली की पुन्हा तोच खकाणा. म्हणून भरायची वाटच बंद केली. काचेची बाटली सरळ उभी ठेवायची, अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून चमच्याने भरायची, वरून यंत्राचं डोकं आट्यांनी घट्ट बसवायचं आणि मग उलटी करून स्टँडला अडकवायची. घरात आल्यावर भुकटी उघडी होतच नाही.

मुलांसाठीच्या कुलपावर सर्वांत जास्त वेळ गेला. औषधाच्या बाटल्यांचं दाबून फिरवायचं झाकण कॅनडातल्या डॉ. हेन्री ब्रॉल्ट यांच्या 1967 च्या रचनेतून पुढे आलं, तेच तत्त्व मी मुठीला लावलं. स्प्रिंग कडक ठेवली तर पुतण्याला फिरत नव्हती, आणि आईलाही नाही. तिची बोटं सांधेदुखीने वळत नाहीत. मऊ केली तर दोघांनाही फिरायची. तीन स्प्रिंगा बदलून झाल्यावर मूठच बदलली : व्यास 28 वरून 45 मिलिमीटर, वर किंचित खोलगट. आई आता बोटांनी धरत नाही, तळहात टेकवून अंगाच्या भाराने दाबते आणि फिरवते. पुतण्याच्या हातात तेवढा भार नाही. तरीही स्टँड त्याच्या हाताला न लागेल अशा उंचीवरच ठोकला आहे, कुलपावर भरवसा ठेवून खाली आणणार नाही.

गेल्या रविवारी आईने पहिल्यांदा एकटीने वापरली. दोन टक, दोन फेरे. नळीकडे वाकून पाहिलं, नाकाने हुंगलं आणि म्हणाली, "आते बरं शे."

अडलंय ते एका ठिकाणी. दिवाळीनंतर इथल्या बाजारात नवी मिरची येईल आणि घरचं जाडसर, बियांसकट कांडलेलं तिखट होईल. वहिनीला तेही अशाच दाणीतून हवं आहे. ते घालून पाहिलं तर चौदाव्या फेऱ्याला खाचेची कड आणि कवच यांच्यामध्ये एक बी अडकलं आणि मूठ थांबली. जोर लावला असता तर टेफलॉनवर चरा पडला असता. खाचेच्या वरच्या कडेला टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकची लवचीक पट्टी लावायचा विचार आहे, म्हणजे बी वाकून मागे सरकेल. पट्टी 0.8 मिलिमीटरची छापून ठेवली आहे. शनिवारी बसवतो, आधी ज्वारीच्या भरड्याने.