त्रिकोणात काय बसवायचं : आमची वाटचाल

आमचं दुकान जालन्याच्या मोंढ्याजवळ. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, उभा जन्म ताडपत्री शिवली. सोयाबीन उघड्यावर पडलंय आणि आभाळ भरून आलंय, अशा रात्री व्यापारी दार ठोठवायचे आणि आबा उठून मशीनवर बसायचे. ट्रॅक्टरच्या सीटची कव्हरं, रिक्षाचे हुड, मालगाड्या झाकायच्या ताडपत्र्या, हेच काम. मी लग्न होऊन आले तेव्हा ब्लाउज-परकर शिवणारी होते; जाड कापडाची सवय हात दुखवून घेत इथेच लागली. आज त्याच जागेत आम्ही सायकलच्या बॅगा शिवतो. त्यातही जास्त काम ग्रॅव्हल सायकलींचं, म्हणजे खडी-मुरमाच्या वाटेवर लांब पल्ल्याला पळवायच्या सायकलींचं.

सुरुवात भाऊजींमुळे झाली. धाकटे दीर बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, चालवायला लागले होते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, आणि ठरलेली ठाणी सोडली तर वाटेत कुणाची मदत घ्यायची नाही. ट्यूब, पंप, पान्हे, खायचं-प्यायचं सगळं स्वतःच वाहायचं. ट्यूब सीटखाली सुतळीने बांधून निघायचे. एक दिवस म्हणाले, "वहिनी, ह्या फ्रेमच्या त्रिकोणात बसेल अशी पिशवी शिवून द्या की."

मी रिक्षाच्या हुडाचं उरलेलं रेक्झिन घेतलं आणि शिवली. दिसायला झकास झाली. भाऊजी राजूरच्या गणपतीपर्यंत जाऊन आले आणि दोन्ही गुडघ्यांच्या आतली कातडी सोलून घेऊन आले. पिशवी रिकामी असताना सपाट होती; सामान भरलं की उशीसारखी फुगत होती, आणि पॅडल मारताना प्रत्येक फेरीला गुडघा तिला घासत होता. मला फार वाईट वाटलं. आबांनी पिशवी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "सूनबाई, गादीला मधून टाके का घालतात? कापूस एका जागी राहावा आणि गादी फुगू नये म्हणून. हिलापण मधून धर." मग आत एक उभा पडदा घातला, दोन्ही बाजूंना जोडून. त्याने सामानाचे दोन कप्पे झाले आणि फुगवटा निम्म्याहून जास्त कमी झाला. रुंदीही बदलली: पुढे हँडलकडे सहा सेंटीमीटर, मागे सीटकडे येताना चार. आजही आमची प्रत्येक फ्रेम बॅग पुढून मागे निमुळती असते.

माप घ्यायची रीत तेव्हाच ठरली. सायकल दुकानात आणायची, त्रिकोणाला खोक्याचा पुठ्ठा लावायचा, आतून पेन्सिल फिरवायची, सगळ्या बाजूंनी पाच मिलिमीटर आत कापायचं. मग त्या पुठ्ठ्यावर बाटल्या ठेवून बघायच्या, नुसत्या बसलेल्या नव्हे, तर बाहेर ओढताना कुठून जाणार तेही. स्मॉल, मीडियम, लार्ज अशा तयार बॅगा काढा, असं पुष्कळांनी सुचवलं. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या फ्रेम आत एकसारख्या नसतात, त्यामुळे आम्ही तो मार्ग धरला नाही. धंदा लहान राहिला त्याचं एक कारण हेही आहे.

खरा प्रश्न पुढे होता आणि तो अजूनही रोज दुकानात येतो. त्रिकोण एकच, त्यात पाणी ठेवायचं की सामान? पूर्ण त्रिकोणाची बॅग घेतली तर पंप, जाकीट, जेवण सगळं मावतं, पण बाटल्यांची जागा जाते. थंड मुलुखात, गावोगावी नळ असलेल्या ठिकाणी ते चालत असेल. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिसाच्या वर असतो. घनसावंगी-अंबडकडच्या पाणंद रस्त्यांनी जाताना तास-दीड तास टपरीसुद्धा लागत नाही. म्हणून आमचा कल पहिल्यापासून पाण्याकडे. अर्धी बॅग, वरच्या दांडीखाली पाच-सहा सेंटीमीटर खोल, आणि तिच्याखाली दोन बाटल्या, बाजूने ओढता येतील अशा स्टँडमध्ये. ग्राहक मोठ्या बॅगेचे पैसे घेऊन आला तरी आधी हेच समजावून सांगतो.

लहान चणीच्या माणसांचं दुखणं वेगळं. फ्रेम लहान म्हणजे त्रिकोण लहान, पण तहान काही लहान नसते. अंबडची एक मुलगी आली होती, तिच्या फ्रेममध्ये एक बाटली आणि अर्धी बॅग यापलीकडे काही बसेना. तिची दुसरी बाटली खालच्या तिरक्या नळ्याच्या पोटाशी लावली, तिथे बोल्ट होते. पण पुढचं चाक वाटेवरचं सगळं शेण आणि चिखल थेट बाटलीच्या तोंडावर फेकतं. तिच्यासाठी बाटलीची टोपी शिवली, बारक्या बाळाला बांधतो तशी, एका हाताने काढता येणारी. ही टोपी आता आमच्याकडे नेहमीची झाली आहे आणि ती शिवताना मला अजून समाधान वाटतं.

कापडाचं सांगते, कारण इथे आम्ही ठेचकाळलो. कापडाच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १,००० डेनियरचा धागा ९,००० मीटर घेतला तर किलोभर भरेल, ५०० डेनियरचा अर्धा किलो. आकडा वाढला की कापड घासायला दणकट होतं आणि वजनही चढतं. शर्यतवाल्याला हलकं हवं, लांब फिरणाऱ्याला टिकाऊ. आम्ही दोन्ही ठेवतो, पण जिथे पट्टे दांडीला घासतात तिथे कायम जाडच. एका वर्षी एका व्यापाऱ्याने दाखवला एक नमुना आणि पाठवला दुसराच माल. आतला पाणीरोधक लेप एका उन्हाळ्यात पापुद्रे धरून सुटला. ज्यांना दिल्या होत्या त्या सगळ्यांच्या बॅगा परत मागवून नव्या शिवून दिल्या. ती दिवाळी आमची कोरडी गेली. तेव्हापासून प्रत्येक ताग्याचा हातभर तुकडा कापून पत्र्यावर उन्हात टाकतो, मग पाण्यात, मग परत उन्हात.

लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले, त्यावर सहा जणींचे पगार निघाले. नंतर सायकली खूप खपल्या आणि काम वाढलं.

त्याच सुमारास ग्रॅव्हलच्या शर्यतींबद्दल ग्राहकांकडून कानावर येऊ लागलं. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ पासून एक शर्यत होते, आता तिला अनबाउंड म्हणतात. मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सगळी कच्च्या रस्त्याची. २०२२ पासून ग्रॅव्हलचं जागतिक अजिंक्यपदही सुरू झालं. २०२३ च्या अनबाउंडमध्ये सुरुवातीलाच चिखल लागला. लोक सायकली खांद्यावर घेऊन चालत होते आणि रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्यांनी चाकातली माती खरवडत होते. तो व्हिडिओ भाऊजींनी दाखवला तेव्हा दुकानातल्या सगळ्या बायका एकदम बोलल्या, "ही तर आपली काळी माती!" पावसाळ्यात पाणंदीत उतरलं की टायर आणि फ्रेम यांच्यात माती भरते आणि चाक जागच्या जागी थांबतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शेतकरी वखराची माती खुरप्याने काढतो तसंच ते. आम्ही फ्रेम बॅगेच्या बाहेर एक अरुंद खोबणी शिवली आणि प्रत्येक बॅगेसोबत वीतभर बांबूची कामटी फुकट देऊ लागलो. मिळालेल्या शाबासकीत सगळ्यात जास्त वाटा त्या कामटीचा आहे.

मग नव्या फ्रेम आल्या, ज्यांच्या डाउन ट्यूबमध्येच, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळ्यातच, कप्पा असतो. बाटलीच्या स्टँडखाली एक झाकण. ते उघडलं की नळ्याच्या पोकळीत ट्यूब, पान्हे, पंप. पहिली अशी सायकल दुकानात आली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आता बॅगा कोण घेणार?

आबांनी मात्र बांबूवरून समजावलं. अख्खा बांबू दोन्ही हातांत धरून पिळा, पिळत नाही. त्यालाच एका बाजूने चीर द्या आणि मग पिळा. फ्रेमचा नळा बंद असतो म्हणून ताठ असतो. त्याला खिडकी पाडली की कडेने कार्बनचे जादा थर द्यावे लागतात, वर झाकण आणि कडी, आणि सामान मावायचं तर नळाही जाड हवा. म्हणजे वजन वाढणार. स्पेशलाइझ्ड या एकाच कंपनीच्या दोन सायकली बघा: डायव्हर्जला हा कप्पा आहे, आणि २०२१ च्या क्रक्सला नाही. तिची सगळ्यात हलकी फ्रेम ७२५ ग्रॅमची सांगतात. जिला चढावर पळायचंय तिने कप्पा सोडला, जिला लांब जायचंय तिने घेतला. आमच्या त्रिकोणाचाच प्रश्न, फक्त कारखान्यात सोडवलेला. कप्प्याचा एक मोठा गुण कबूल करते: जड वस्तू खाली आणि मधोमध राहतात. सीटमागच्या बॅगेत पान्हे ठेवले तर खडीवर ती पाळण्यासारखी हलते आणि मागचं चाक घसरल्यासारखं वाटतं.

धंदा बुडाला नाही, उलट एक नवी वस्तू मिळाली. कप्प्यात पान्हे मोकळे टाकले की मुरमावर नळा ढोलासारखा वाजतो. ग्राहक कापडाच्या चिंध्या कोंबून यायचे. आम्ही लांबट खोळ शिवली, आतून मऊ कापड, तीन अरुंद खण, टोकाला ओढायची नाडी. खोळीत काय आधी लागणार ते झाकणाच्या बाजूला, कारण पंक्चर झाल्यावर माणूस घामाने निथळत असतो आणि बाभळीचा काटा हातात असतो. पहिल्यांदा लागतो पंक्चर बुजवायचा चिवट धागा, मग हवेची नळकांडी, आणि सगळ्यात शेवटी ट्यूब. ४० मिलिमीटरच्या टायरची रबरी ट्यूब मुठीएवढी होते. टीपीयूची, म्हणजे पातळ प्लास्टिकसारखी, घेतली तर तिच्या पाव जागेत बसते. खण शिवताना दोन्हींचं माप धरतो.

आज आम्ही आठ जणी आहोत, पाच मशीन, त्यातल्या दोन वॉकिंग फूटच्या, म्हणजे जाड कापड वरूनही पुढे सरकवणाऱ्या. ज्या जागी ताण येतो तिथे आडवा दाट टाका मारायचं काम एकाच मावशींकडे आहे, बचत गटातून आल्या आणि त्यांच्या हाताचा टाका आजवर उसवलेला परत आला नाही. आबा आता मशीनवर बसत नाहीत, पण संध्याकाळी तयार बॅगा दाबून बघायला येतात.

सध्या मी झिपशी भांडते आहे. वरच्या दांडीवरच्या छोट्या बॅगेतून चालत्या सायकलीवर खजूर किंवा चिक्की काढायची असते, एका हाताने. पाणीरोधक झिप आधीच आवळ, त्यात काळ्या मातीची धूळ बसली की हलतच नाही. पाच नंबरच्या जागी जास्त रुंद, दहा नंबरची घातली, थोडा फरक पडला. मग झिप काढून चुंबकाचं झाकण केलं. ते छान बसायचं, पण आठ दिवसांत चुंबकाला काळ्या भुकटीची मिशी फुटली. आपली माती बेसाल्टची, तिच्यातले लोहाचे कण चुंबकाला चिकटतात आणि झाकण अर्धवट उघडं राहतं. आता चुंबक कापडाच्या दोन थरांत शिवून वर गुळगुळीत पट्टी लावली आहे, अंगठ्याने पुसली की भुकटी निघून यावी म्हणून. त्यातला एक नमुना भाऊजी परवा भोकरदनच्या बाजूला घेऊन गेले आहेत.