राखेखालचा विस्तव

माझी बहीण आयर्लंडमध्ये गॉल्वे येथे राहते. तिच्या १२ वर्षांच्या मुलीसाठी आणि ९ वर्षांच्या मुलासाठी मी गेल्या हिवाळ्यापासून एक अद्भुत साहसकथा मराठीत लिहीत आहे आणि दर रविवारी तिचे एक प्रकरण त्यांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते. गॉल्वेच्याच किनाऱ्यावरची तीन मुले होडीतून भरकटतात आणि धुक्यात दडलेल्या एका मंतरलेल्या बेटावर अडकतात, एवढीच ती कथा आहे.

पहिल्या खर्ड्यात ते बेट फार उदार होते. हात वर केला की फळ मिळे आणि तहान लागली की पायाशी झरा फुटे. चौथ्या रविवारी भाच्याने विचारले, "मावशी, मग ह्यांना घरी कशाला जायचंय?" मला उत्तर देता आले नाही. बेटाने मुलांचे सगळेच लाड पुरवले, तर मुलांना करण्यासारखे काही उरत नाही, हे त्याला माझ्याआधी कळले होते. मी तो खर्डा बाजूला ठेवला.

बेट मात्र सोडवेना, कारण ते मी मनाने रचलेले नव्हते. त्याचे नाव हाय ब्रासील. १३२५ च्या सुमारास काढलेल्या सागरी नकाशापासून पुढे कित्येक शतके ते आयर्लंडच्या पश्चिमेला दाखवले जात होते. अनेक नकाशांत ते गोल असून त्याच्या मधोमध पाण्याची पट्टी आहे. (ब्राझील देश युरोपला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीचे हे नाव आहे.) ते सदैव धुक्यात असते आणि सात वर्षांतून एकच दिवस दिसते, असे लोककथा सांगते. भाचरांच्या घराजवळच्या किनाऱ्यावरून जो समुद्र दिसतो, त्याच समुद्रातले हे बेट, म्हणून मला ते हवे होते.

अडलेली कथा सुटली ती इनिशबॉफिनच्या दंतकथेमुळे. हे बेट गॉल्वेच्या किनाऱ्यापलीकडे खरोखरच आहे आणि तेथे माणसे राहतात. पूर्वी तेही मंतरलेले होते, असे म्हणतात. धुक्यात वाट चुकलेले दोन कोळी तेथे उतरले आणि त्यांनी किनाऱ्यावर विस्तव पेटवला. त्यासरशी धुके विरले आणि बेट कायमचे जागेवर स्थिरावले. समोर पाहतात तो एक म्हातारी पांढरी गाय हाकत तळ्याकडे निघालेली. तिने गाईला काठी मारली आणि गाईचा दगड झाला. इनिशबॉफिन या नावाचा अर्थच पांढऱ्या गाईचे बेट असा आहे. आयरिश संत ब्रेंडनच्या सफरीच्या जुन्या कथेतही सोबतचे साधू एका बेटावर अन्न शिजवण्यासाठी आग पेटवतात आणि बेट हलू लागते, कारण तो एक प्रचंड मासा असतो. सिंदबादच्या पहिल्या सफरीतही हेच घडते. आग पेटली की मंत्र सुटतो, ही खूणगाठ मी तेथेच बांधली.

आगीवाचून मुले जगणार कशी? १९६५ साली प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशातली सहा मुले होडीतून भरकटून आटा नावाच्या ओसाड बेटाला लागली आणि तेथे सुमारे १५ महिने राहिली. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. एकदा पेटवलेला विस्तव त्यांनी शेवटपर्यंत विझू दिला नव्हता. ही हकिकत वाचल्यापासून माझ्या कथेचा पेच पक्का झाला आहे. थंडीने काकडणाऱ्या धाकट्याला ऊब हवी, पण चूल पेटवली तर धुके जाईल, बेट जगाला दिसेल आणि ज्यांनी मुलांना आसरा दिला, ते तेथले रहिवासी दगड होतील.

आग पेटण्याचा प्रसंग लिहिताना मला कल्पनेची गरज पडली नाही. आजीच्या घरी पावसाळ्यात ओली लाकडे पेटवताना मी पाहिले आहे. आधी नुसता धूर होतो, डोळे चुरचुरतात, लाकडाच्या कापलेल्या टोकाला फेस येऊन ते चुरचुर आवाज करते, आणि फुंकणीने फुंकून फुंकून गाल दुखू लागल्यावर कुठे एक निळसर जीभ वर येते. ते सारे मी जसेच्या तसे घेतले.

गेल्या रविवारी हे प्रकरण वाचून झाल्यावर भाचीने विचारले, "पणजी रात्री चूल विझवायची का?" मी म्हणाले, नाही, निखारे राखेखाली झाकून ठेवायची आणि सकाळी राख सारून पुन्हा फुलवायची. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग ह्या मुलांनीही झाकून ठेवावा. झाकलेला विस्तव पेटलेला धरायचा की विझलेला, ते बेटाला कळणारच नाही."

तेव्हापासून मी पुढचे प्रकरण लिहीत आहे. त्यात पहाट झाली आहे, धुके गुडघ्यापर्यंत उतरून तेथेच थांबले आहे आणि तळ्याकाठची पांढरी गाय एक पाय उचलून उभी आहे.