चॅप्लिनच्या डब्यातला स्नब पोलार्ड

मेलबर्नमधील एका लहान कार्यशाळेत जुन्या फिल्मची तपासणी आणि डिजिटल रूपांतर करण्याचे काम मी करते. येणाऱ्या रिळांमध्ये बहुतेक लग्ने, समुद्रकिनारे आणि मुलांचे वाढदिवस असतात. अधूनमधून एखादा विकत घेतलेला विनोदी मूकपट निघतो आणि त्याच्या डब्यावर हमखास ‘चॅप्लिन’ असे लिहिलेले असते. 1923 मध्ये 16 मिलिमीटरची फिल्म बाजारात आली आणि त्यानंतर घरच्या प्रोजेक्टरवर दाखवण्यासाठी मूकपटांच्या प्रती विकल्या जाऊ लागल्या. त्यांत मनमानी काटछाट असे, कधी मूळ नावही बदललेले असे, आणि पडद्यावर मिशीवाला माणूस धावताना दिसला की घरातील वडीलधारी मंडळी मुलांना तो चॅप्लिनच आहे असे सांगून मोकळी होत.

ज्या डब्याविषयी मी लिहीत आहे तो एका वृद्ध बाईंनी वडिलांच्या सामानातून आणला होता. झाकणावर निळ्या शाईत, वडिलांच्याच हस्ताक्षरात, चॅप्लिनचे नाव होते. झाकण उघडताच व्हिनेगरचा वास आला, म्हणजे फिल्मचा ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचा पाया विघटित होऊ लागला होता. फिल्म थोडी आक्रसली होती आणि काही जोड सुटायच्या बेतात होते. सुरुवातीची नामावली गायबच होती. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण अशा चिन्हांनी उत्पादनाचे वर्ष नोंदवलेले असे, परंतु ही चिन्हे दर 20 वर्षांनी पुन्हा वापरली जात, त्यामुळे एकच खूण 1926 चीही असू शकते आणि 1946 चीही. शिवाय त्यातून कळते ते फिल्मचे वय. चित्रण केव्हाचे आहे ते नव्हे. तेव्हा माणूस ओळखायचा तर चेहऱ्यावरूनच.

मी हातमोजे घालून रीळ प्रकाशपेटीवर सरकवू लागले आणि भिंगातून पाहिल्याबरोबर चॅप्लिन बाद झाला. त्याची मिशी नाकाखाली आखूड आणि चौकोनी. इथे ती ओठांच्या दोन्ही बाजूंनी खाली हनुवटीकडे उतरली होती. त्या काळच्या विनोदी नटांमध्ये मिशी म्हणजे दुकानाची पाटीच होती, आणि म्हणून आम्हाला मिशांचा अभ्यास करावा लागतो. चेस्टर कॉन्क्लिनची मिशी भरघोस, तोंड झाकून टाकणारी. जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मच्या मिशीची टोके वर वळलेली असत. तीच मिशी उलटी करून चिकटवली तर जशी दिसेल तशी ज्याची होती, तो स्नब पोलार्ड. तरीही केवळ मिशीवर विसंबून नोंद करणे मला पसंत नाही, कारण यशस्वी नटाच्या मिशीची नक्कल करणारे तेव्हा कमी नव्हते.

जोड पक्के करून, फिल्म साफ करून ती स्कॅनरवर चढवली तेव्हा शंका उरली नाही. एक संशोधक पलंगावर झोपला आहे. त्याच्या तळपायाला पिसाने गुदगुल्या करणारे यंत्र त्याला उठवते. डोक्यावर टांगलेल्या दोऱ्या ओढत तो अंथरुणातूनच न्याहारी तयार करतो. पुढे तो एका चिमुकल्या गाडीत बसतो. गाडीला इंजिन नाही. हातातील मोठा नालाकृती चुंबक तो पुढच्या मोटारीकडे धरतो आणि तिच्यामागे ओढला जातो. ती मोटार वळली की चुंबक दुसरीकडे. हा 1923 मधील ‘इट्स अ गिफ्ट’, निर्माता हॅल रोच, दिग्दर्शक ह्यू फे. पोलार्ड यांचे नाव आज कोणी घेतलेच तर या चुंबकाच्या गाडीमुळेच घेते.

चुंबकाचा प्रसंग मी मंद गतीने पुन्हा पाहिला. नवल यंत्राचे नाही, माणसाच्या चेहऱ्याचे आहे. चुंबक धरणारा हा मनुष्य ना आनंदित आहे, ना चकित. रोज कचेरीला जाणारा माणूस जसा बसमध्ये उभा राहतो तसा तो बसला आहे. मोटार बदलताना मनगट किंचित फिरते, एवढेच. हसवण्यासाठी काहीच न करण्याची ही हातोटी ज्याला साधली, त्याला पुढे दुय्यम भूमिकांमध्ये काम मिळत राहिले यात आश्चर्य वाटू नये. पण पुस्तकांतून त्या काळाचे वर्णन बहुधा ‘उतरती कळा’ या दोन शब्दांत उरकलेले असते.

बाईंना फोन करून सांगणे भाग होते. चॅप्लिन नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज पडला. प्रत्येक वाढदिवसाला बैठकीच्या खोलीत चादर टांगून वडील हाच पट दाखवत आणि त्याआधी चॅप्लिनविषयी छोटे भाषण करत, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना दुपारी येऊन पाहण्याची विनंती केली आणि एवढेच सांगितले की पडद्यावरचा माणूस तुमच्याच शहरातला आहे.

हे खरेच होते. पोलार्ड यांचे मूळ आडनाव फ्रेझर, जन्म 9 नोव्हेंबर 1889 रोजी नॉर्थ मेलबर्नमध्ये. लहानपणीच ते पोलार्ड घराण्याच्या लिलिपुटियन ऑपेरा कंपनीत दाखल झाले. ही मुलांची संगीत नाटक मंडळी होती. मुलेमुली मोठ्यांच्या भूमिका करत देशोदेशी फिरत, आणि त्यांपैकी अनेकांनी कंपनीचेच आडनाव पुढे कायमचे लावले. आपल्याकडे नाटक मंडळीत वाढलेल्या मुलांच्या कहाण्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या जीवनातील शिस्त आणि हाल दोन्ही वेगळे सांगायला नकोत. याच पोलार्ड घराण्यातील आर्थर पोलार्ड यांची मंडळी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर असताना मुलांच्या छळाच्या तक्रारींवरून 1910 मध्ये मद्रास येथे मोडली, आणि त्या प्रकरणानंतर ऑस्ट्रेलियाने मुलांना परदेशी खेळांसाठी नेण्यावर कायद्याने निर्बंध घातले.

पोलार्ड अमेरिकेत पोहोचले आणि हॅल रोच यांच्याकडे विनोदी नट हॅरल्ड लॉइडच्या ‘लोन्सम ल्यूक’ मालिकेत दुय्यम विनोदी नट म्हणून उभे राहिले. नायिका असे बेबी डॅनियल्स. 1919 पासून त्यांना स्वतंत्र मालिका मिळाली. तिच्यातील कितीतरी लघुपट चार्ली चेस यांनी चार्ल्स पॅरट या मूळ नावाने दिग्दर्शित केले, आणि ‘सनशाइन सॅमी’ मॉरिसन हा कृष्णवर्णीय बालनट त्यांच्यासोबत चमकला. रोच यांच्यापासून वेगळे होऊन स्वतः निर्मिती करण्याचा प्रयत्न मात्र फसला. मग वाइस बंधूंच्या स्वस्तातल्या लघुपटांत लठ्ठ मार्व्हिन लोबॅकबरोबर त्यांची जोडी जमवण्यात आली, उघडउघड लॉरेल आणि हार्डी या बारीक-लठ्ठ विनोदी जोडीच्या धर्तीवर. (ती लाट आपल्याकडेही आली होती, रणजित कंपनीच्या घोरी आणि दीक्षित या जोडीला भारतीय लॉरेल-हार्डी म्हणत.) बोलपट आले आणि पोलार्ड यांच्या नावावर चित्रपट विकला जाणे थांबले.

दुपारी बाई आल्या तेव्हा मी त्यांना हे सगळे सांगत बसले नाही, पट दाखवला. पिसाच्या गुदगुल्यांवर त्या हसल्या, चुंबकाच्या वेळी पुढे झुकून ‘आता तो पोलिसाकडे जाईल’ म्हणाल्या. पट संपल्यावर त्यांनी तेच विचारले जे सगळे विचारतात: मग पुढे या माणसाचे काय झाले?

उत्तरादाखल मी त्यांना ‘सिंगिंग इन द रेन’ची डिस्क लावून दाखवली. 1952 चा हा चित्रपट बाईंनी असंख्य वेळा पाहिलेला; जीन केलीचे पावसातले नृत्य त्यांना पावलागणिक पाठ होते. पोलिस समोर येऊन उभा राहतो, केली ओशाळून काढता पाय घेतो आणि जाताजाता पावसात अंग आकसून येणाऱ्या एका वाटसरूच्या हातात स्वतःची छत्री देऊन टाकतो. वाटसरू ती घेतो आणि निघून जातो. तिथे मी चित्र थांबवले आणि सांगितले की हाच तो. बाईंनी चष्मा सावरून पडद्याकडे पाहिले. ‘छत्री आठवते,’ त्या म्हणाल्या, ‘माणूस कधी पाहिलाच नाही.’

मला त्या क्षणाची गंमत वाटते ती दुसऱ्या कारणासाठी. चित्रपटाचा विषयच मुळी 1927 च्या सुमारास बोलपट आल्यावर मूकपटांच्या ताऱ्यांची उडालेली तारांबळ हा आहे. त्या उलथापालथीत ज्याचे तारेपद खरोखर गेले तो माणूस त्याच चित्रपटात, श्रेयनामावलीत नाव नसताना, नायकाच्या हातून छत्री घेऊन जातो. त्याला तिथे दोनच सेकंद आहेत आणि त्या दोन सेकंदांत तो लक्ष वेधून घेत नाही. केलीचे नृत्य त्याच्यावरून न अडखळता पुढे सरकते. जुन्या मिशीवाल्या खुणा दाखवण्याचा मोह त्याला झाला असता तर गाण्याचा शेवट बिघडला असता.

बाईंना चॅप्लिन हवा होता म्हणून मी आणखी एक गोष्ट सांगितली. 1952 मध्येच आलेल्या ‘लाइमलाइट’मध्ये चॅप्लिनबरोबर रस्त्यावरच्या वादकांपैकी एक म्हणून पोलार्ड आहेत. म्हणजे वडिलांच्या झाकणावरील नाव अगदीच परके नव्हते, असे म्हणून त्या जराशा खुलल्या. मधल्या वर्षांत गायक-नट टेक्स रिटर यांच्या काऊबॉयपटांत पोलार्ड यांनी ‘पी वी’ नावाचा विनोदी साथीदार रंगवला. नंतर दारूच्या गुत्त्यातील गिऱ्हाईक, वेटर, वाटसरू अशा भूमिका 1961 पर्यंत चालू राहिल्या. 19 जानेवारी 1962 रोजी कॅलिफोर्नियातील बरबँक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते 72 वर्षांचे होते. बोलपटांत तीसएक वर्षे काम करत राहिलेल्या नटाला अपयशी म्हणणे मला पटत नाही. मुलांच्या कंपनीत जो शिकला त्याच्या लेखी भूमिका लहान असो की मोठी, वेळेवर पडद्यामागून येणे आणि काम चोख करून जाणे हाच धंदा असणार, असा माझा तर्क आहे.

नोंद करताना एक अडचण आली. आमच्या नमुन्यात ‘मूळ लेबलवरील नाव’ आणि ‘ओळख पटलेले नाव’ असे दोन रकाने आहेत, आणि नवीन डबा देताना जुने झाकण सहसा टाकून दिले जाते, कारण गंजलेला पत्रा फिल्मजवळ ठेवणे योग्य नसते. बाईंनी ते झाकण परत मागितले. मी ते पुसून, कागदात गुंडाळून त्यांना दिले, नव्या प्लॅस्टिकच्या डब्यावर पोलार्ड यांचे नाव आणि 1923 हे वर्ष घातले, आणि पहिल्या रकान्यात वडिलांनी लिहिल्याप्रमाणे चॅप्लिन राहू दिले. निघताना त्यांनी विचारले की काऊबॉयपटांपैकी एखादा कुठे पाहायला मिळेल का. टेक्स रिटर यांच्या पटांची नावे मी त्यांना पावतीच्या मागे लिहून दिली.