एक फालतू गोष्ट पकडायची आणि शहरभर फिरायचं

नवीन मोठ्या शहरात गेल्यावर पहिले दोन दिवस मी पण सगळ्यांसारखीच तिकिटाच्या लाइनीत उभी असते, खोटं कशाला बोलू. टॉवर बघून होतो, म्युझियममध्ये पायाचे तुकडे पडतात. मग नेटवर ‘हटके ठिकाणं’ शोधायची, तर तीच यादी वाचून आणखी दोनशे जण आपल्याआधी तिथे हजर. म्हणून आता मी ठिकाणं शोधतच नाही. एखादी फालतू गोष्ट पकडते आणि ती नेईल तिकडे जाते. फालतू म्हणजे अगदी फालतू हं, गटाराची झाकणं वगैरे.

पॅरिसमध्ये मीटर पकडला. टॅक्सीचा नाही, मापाचा. क्रांतीच्या काळात हे नवंकोरं माप आलं, उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, पण रस्त्यावरच्या माणसाला हे कसं कळायचं, तर १७९६-९७ मध्ये शहरात ठिकठिकाणी भिंतीत संगमरवरी मीटर बसवले, की या आणि घ्या आपलं माप तपासून. त्यातला एक अजून मूळच्या जागी आहे, र्यू द वोजिरारवर ३६ नंबरला, सेनेटच्या समोरच्या कमानींखाली. दिसायला काय, भिंतीत एक आडवी पट्टी. मी वितीने मोजला, पाच विती आणि वर दोन बोटं. मागून जाणाऱ्या बाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा भिंतीकडे बघितलं आणि त्या गेल्या.

मग तिथून आरागोच्या चकत्या. पॅरिसमधून जाणारी जुनी रेखावृत्ताची रेषा दाखवायला यान डिबेट्स या डच कलाकाराने १९९४ मध्ये १३५ ब्राँझच्या चकत्या जमिनीत बसवल्या, तळहाताएवढ्या, वर आरागो या शास्त्रज्ञाचं नाव आणि उत्तर-दक्षिणेची अक्षरं. बऱ्याच आता गायब आहेत. अख्खी दुपार खाली मान घालून फिरले तेव्हा सात सापडल्या, आणि दोन ठिकाणी नुसते गोल खळगे. खळगे पण मी मोजले, मेहनत माझी होती.

पण खरी मजा लंडनमध्ये आली. तिथे फ्लीट नावाची नदी आहे जी दिसतच नाही. हॅम्पस्टेडकडून निघते, ब्लॅकफ्रायर्सला थेम्सला मिळते, आणि मधली सगळी जमिनीखालून, कारण घाण इतकी झाली होती की अठराव्या-एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने ती झाकूनच टाकली. फ्लीट स्ट्रीट हे नाव तिचंच. एकदा हे डोक्यात बसलं की रस्ते वेगळे दिसायला लागतात. होबर्न व्हायाडक्ट हा १८६९ चा पूल, खाली पाणी नाही, नुसता रस्ता, मग एवढा पूल बांधला कशाला? तर ती नदीची दरी आहे. फॅरिंग्डन रोडवर उभं राहून दोन्ही बाजूच्या गल्ल्या बघा, दोन्हीकडे चढ. म्हणजे आपण दोन काठांच्या मधोमध उभे.

आणि ती ऐकू पण येते! क्लार्कनवेलला रे स्ट्रीटवर एका पबसमोर रस्त्यातच लोखंडी जाळी आहे, तिथे कान लावायचा. मी आधी भलत्याच जाळीपाशी दहा मिनिटं वाकून उभी, वर पाऊस, एक सायकलवाला थांबून विचारतो किल्ल्या पडल्या का. नदी ऐकतेय म्हटल्यावर त्याने हसून पुढची जाळी दाखवली. तिथे खरंच आवाज होता, खळखळ वगैरे नाही, लांब कुठेतरी नळ पूर्ण सोडून ठेवल्यासारखा एकसारखा घुमणारा. सकाळी लवकर जा, नंतर गाड्यांच्या आवाजात काही कळत नाही, आणि रस्त्यावर उभे आहात हे विसरू नका.

टोकियोत यामानोते लाइनची एक पूर्ण फेरी मारली. गोल लाइन आहे, ३० स्टेशनं, साडेचौतीस किलोमीटर, तासाभरात जिथून निघालो तिथेच परत. स्टेशनागणिक गाडी सुटतानाची धून बदलते ती ऐकत बसले. अर्ध्यात डोळा लागला, त्यामुळे याच्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही.

बर्लिनमध्ये मात्र हा खेळ अंगाशी आला. फुटपाथवर दहा बाय दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतात, गुंटर डेम्निग या कलाकाराने सुरू केलेले, नाझींनी ज्यांना नेलं ती माणसं जिथे राहायची त्या दारासमोर बसवलेले. ‘इथे राहत होते’ अशी सुरुवात, मग नाव, जन्मसाल, पुढे काय झालं ते. युरोपभर मिळून आता एक लाखावर आहेत. मी सवयीने मोजत निघाले होते, अकरा, बारा, तेरा, आणि एका दारापाशी चार एकत्र, आडनाव एकच, शेवटच्याचं जन्मसाल आणि मृत्यूसाल यांच्यात पाच वर्षांचं अंतर. तिथे मोजणं बंद केलं. त्या दारातून एक आजोबा सामानाच्या पिशव्या घेऊन बाहेर आले, चारही चौकोनांना वळसा घालून गेले, न बघता, पायांना सवय असल्यासारखे.

शेवटचं न्यूयॉर्कचं, हे तर सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, साध्या तिकिटात होतं. ६ नंबरची ट्रेन ब्रुकलिन ब्रिज–सिटी हॉलला संपते, सगळे उतरतात, आपण उतरायचं नाही. गाडी वळायला एका बंद स्टेशनातून जाते. १९०४ ला सबवे सुरू झाली तेव्हाचं हे सगळ्यात देखणं स्टेशन, फरशांच्या कमानी, छतात काचा, पण प्लॅटफॉर्म इतका वाकडा की नव्या डब्यांची दारं आणि प्लॅटफॉर्म यात फट राहायची, त्यामुळे १९४५ च्या शेवटच्या दिवशी बंद केलं. डबा रिकामा झाला, चाकं किंचाळायला लागली, आणि मी चुकीच्या बाजूच्या खिडकीला नाक लावून बसलेले, समोर नुसती काळी भिंत. पळत दुसरीकडे गेले तोवर एकच कमान दिसली आणि गेली. पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर उतरले, जिना चढून पुन्हा अलीकडे आले आणि पुढची गाडी पकडली.